घाटमाथ्यावरची मुले आणि समुद्र

जुन्नर तालुक्यातील वारूळवाडी हे गाव समुद्रापासून दूर, मीना नदीच्या परिसरात वसलेले. मीनेचे पाणीदेखील कोकणाकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते आणि घोड, भीमा, कृष्णा असे वळसे घेत बंगालच्या उपसागराला मिळते. अशा गावातील मुलांना सागरी शिक्षण द्यावे, ही सूचना प्रथमदर्शनी हौसेची वाटेल. जुन्नरचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून या बाजारपेठेत येई. नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही त्या घाटात आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट व चंद या यवनांची दाने कोरलेली आहेत, ती या सागरी व्यापाराचीच खूण मानली जाते. पुढे याच तालुक्यातील शिवनेरीवर जन्मलेल्या शिवरायांनी 1657 साली कल्याण-भिवंडी घेतली, आरमार उभारले आणि 1664 साली मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचा पाया घातला.

शासनाने 2018 साली जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. पर्यटक येतात, किल्ला व लेणी पाहतात, जेवतात, परततात. या उलाढालीत तरुणांच्या वाट्याला हॉटेल, वाहन, क्वचित वाटाड्याचे काम येते. ते कमी प्रतीचे नव्हे. पण पर्यटनाच्या पैशातून स्थानिक मुलांच्या अंगी एखादी विद्या यावी, हा विचार अद्याप रुजलेला दिसत नाही.

कोकणात त्याची सुरुवात झालेली आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा डायव्हिंग व जलक्रीडा प्रशिक्षणाची संस्था उभारली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातील स्त्रिया स्वतः होडी वल्हवीत पाहुण्यांना कांदळवन दाखवितात, त्यातील झाडे ओळखून देतात. डेन्मार्कमधील रॉस्किल्ड येथे तर याहून पुढची पायरी आहे. स्कुल्डेलेव्हजवळ 1962 साली खाडीच्या तळातून काढलेल्या पाच प्राचीन नौकांसाठी तेथे 1969 साली संग्रहालय उघडले. त्याच आवारात जुन्या पद्धतीने नौका बांधल्या जातात, आणि तिकीट काढून आलेला पाहुणा वल्हे हाती घेऊन खाडीत उतरतो.

जुन्नर-आंबेगावात समुद्र नाही, पाणी मात्र भरपूर आहे. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही पाच धरणे याच दोन तालुक्यांत येतात. वडज तर मीनेवरच, वारूळवाडीच्या वरच्या अंगाला. धरणाच्या काठी वाढलेल्या मुलाला पोहता येऊ नये, होडी कशी तोलावी हे ठाऊक नसावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. शिक्षकही बाहेरून आणण्याचे कारण नाही. डिंभे जलाशयावर विस्थापित आदिवासींनी मासेमारीची सहकारी संस्था चालवून दाखविली आहे. पाण्याचा आणि वाऱ्याचा अंदाज त्यांच्याइतका कोणत्या पुस्तकाला असणार? अशा मच्छीमारांना मानधन देऊन शाळांशी जोडणे ही पहिली पायरी. वर्षभर पोहणे, वल्हविणे, दोराच्या गाठी आणि बुडत्याला वाचविणे शिकलेल्या मुलामुलींना मग तारकर्लीस पाठवावे. मुलींना मागे ठेवण्याचे कारण नाही. गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 2017-18 साली पृथ्वीप्रदक्षिणा केली आहे.

घाई मात्र नको. तारकर्लीला 24 मे 2022 रोजी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा बळी गेला. कारणे काहीही असोत, पाणी हौशीपणाला क्षमा करीत नाही. म्हणून प्रत्येक मुलाला लाइफ जॅकेट आणि काठावर जाणता माणूस, या दोन गोष्टींचा खर्च सर्वांआधी धरावा लागेल. पर्यटकांकडून वाहनतळांवर घेतल्या जाणाऱ्या शुल्कातील थोडा वाटा ग्रामपंचायतींनी राखून ठेवला, तरी आरंभ होऊ शकेल. उन्हाळ्यात कालव्यांना पाणी सोडल्यावर जलाशय आटू लागतात. तेव्हा वर्ग भरवायचे ते दिवाळीच्या आगेमागे. जलसंपदा विभागाच्या परवानगीचा अर्ज त्यामुळे पावसाळ्यातच गेला पाहिजे.