तक्ता पूर्ण वाचता आला, तरीही...

मागच्या आठवड्यात काचबिंदूच्या निमित्ताने डोळ्याच्या आतला दाब पाहिला. आज कवटीच्या आतला. डोळ्याचा दाब मोजणाऱ्या यंत्राला तो कळत नाही, पण पडद्याच्या फोटोत तो दिसतो.

मेंदूवरची आवरणं डोळ्याच्या नसेलाही गुंडाळून थेट डोळ्याच्या गोलापर्यंत आलेली असतात आणि मेंदूभोवतीचं पाणी त्यांच्यातही खेळतं. कवटीत दाब वाढला की नसेभोवतीही वाढतो. नसेत दहा लाखांहून अधिक तंतू असतात. त्यांच्यातून सतत वाहणारा पेशीद्रव नसेच्या तोंडाशी तुंबतो आणि तंतू फुगतात. डॉक्टर याला पॅपिलिडिमा म्हणतात.

निरोगी डोळ्याच्या फोटोत नसेचं तोंड, म्हणजे डिस्क, फिकट केशरी असते, कड रेखीव. सूज येऊ लागली की नाकाकडची, वरची आणि खालची कड करडी, धूसर होते. कानाकडची मात्र अजून स्वच्छ असते. पुढे तीही बुजते. मग डिस्कवरून जाणाऱ्या रक्तवाहिन्या मध्येच सुजेत बुडून पलीकडे वर येतात, शेजारी रक्ताचे बारीक फराटे उमटतात. स्वीडनच्या लार्स फ्रिसेन यांनी १९८२ मध्ये या बदलांच्या ० ते ५ पायऱ्या ठरवल्या. आजही त्याच वापरतात.

पडद्याच्या थरांची जाडी दाखवणारी ओसीटी ही तपासणी हीच सूज मायक्रॉनमध्ये मोजते. पण इथे फसगत होते. नसेच्या तंतूंच्या थराची निरोगी जाडी सरासरी १०० मायक्रॉनच्या आसपास असते. सुजलेल्या डोळ्यात वाढलेला आकडा पुढच्या तपासणीत खाली आला, तर सूज ओसरली असेल किंवा तंतूच मेले असतील! म्हणून पडद्याच्या मध्यभागी असलेला, या तंतूंच्या मूळ पेशींचा थरही मोजावा लागतो. तो पातळ होत असेल, तर आकडा उतरल्याचा आनंद मानू नये.

या आजारात मधली नजर बहुधा शेवटपर्यंत टिकते, आधी कडेची जाते. त्यामुळे रुग्ण तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो आणि 'डोळे उत्तम आहेत' असं ऐकून घरी जातो. मला हे फार धोक्याचं वाटतं. डोकं रोज दुखतंय, वाकून उठताना काही सेकंद अंधारी येते, कानात नाडीसारखं धडधडतं, एकाच्या दोन वस्तू दिसतात, अशा माणसाचा नुसता चष्म्याचा नंबर काढू नका, पडदा बघा. वजन वाढलेल्या तरुण बायकांमध्ये मेंदूत गाठ नसतानाही हा दाब वाढतो. मुरुमांसाठी दिलेल्या डॉक्सिसायक्लीननेही कधी कधी. वेळेत कळलं तर अ‍ॅसिटाझोलामाइड आणि वजन कमी करणं यांनी बहुतेकींची नजर वाचते.

दोन्ही डिस्क सुजलेल्या दिसल्या, तर तातडीने मेंदूचा आणि त्यातल्या शिरांचा एमआरआय हवा. गाठ किंवा गुठळी नाही याची खात्री झाल्यावर कमरेतून सुई घालून पाण्याचा दाब मोजतात. मोठ्या माणसात तो २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर वाढलेला.

काही डिस्क मात्र जन्मतःच फुगीर दिसतात, काहींत चुन्याचे खडे दडलेले असतात. त्या ओळखायच्या कशा, ते पुढच्या आठवड्यात.