ओट्यामागची भिंत आणि घरचे आरोग्य

स्वयंपाकघराच्या स्वच्छतेचा विषय निघाला की भांडी, फडकी आणि पिण्याचे पाणी यांची चर्चा होते. शेगडीमागच्या भिंतीकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. रोज दोन वेळची फोडणी, तळण, कुकरची वाफ यांचा मारा हीच भिंत झेलत असते. तेलाचे बारीक थेंब तिच्यावर बसतात, त्यांवर धूळ चिकटते आणि काही दिवसांत पिवळट राप तयार होतो. झुरळांना हे आयतेच खाद्य. झुरळांची विष्ठा आणि अंगाचे कण दम्याच्या रुग्णाला त्रासदायक ठरतात, हे ध्यानात घेतले म्हणजे भिंतीचा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही, हे पटेल.

पूर्वी दिवाळीच्या तोंडावर भिंतीला चुन्याचा हात दिला जाई आणि वर्षाचा राप झाकला जाई. आता टाइल्स आल्या. टाइल पुसली जाते. पण दोन टाइल्समधल्या सिमेंटच्या सांध्यात तेल आणि ओलावा मुरतो. तेथे काळी बुरशी धरते. म्हणून अलीकडे शेगडीमागे अखंड काच बसवण्याची पद्धत छोट्या गावांतही येऊ लागली आहे. काचेत काही मुरत नाही आणि सांधे जवळजवळ नसतात, हा तिचा मोठा गुण. मात्र काच निवडण्यात चूक झाली तर हीच सोय धोक्याची ठरते.

कोणती काच घ्यावी?

खिडकीची साधी काच शेगडीमागे मुळीच लावू नये. एका जागी तापली की ती तडकते आणि तिचे सुरीसारखे लांब तुकडे होतात. येथे टफन्ड काचच हवी. ही काच सहाशे अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. क्वचित फुटलीच तर तिचे बारीक, बोथट तुकडे होतात. शेगडीमागे साधारणतः 6 मिलिमीटर जाडीची काच वापरतात. आय.एस. 2553 या भारतीय मानकाचा शिक्का काचेच्या कोपऱ्यात आहे ना, हे पाहून घ्यावे.

रंग काचेच्या मागील बाजूस असतो. गडद रंगावर डाग दिसत नाहीत म्हणून तो घेण्याचा मोह होतो. पण डाग दिसला तरच पुसला जातो! फिकट रंग बरा. साध्या काचेला किंचित हिरवट झाक असते. त्यामुळे पांढरा रंग हवा असल्यास नमुना आधी पाहावा.

काचेसारखे दिसणारे अॅक्रिलिकचे पत्रे किंवा चिकटवायचे प्लास्टिकचे कागद स्वस्त मिळतात. ते पेट घेऊ शकतात. शेगडीजवळ ते नकोत.

बसवताना

टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून स्विचबोर्ड आणि नळाच्या जागा आधी पक्क्या कराव्यात. ओटा बसल्यानंतरच माप द्यावे. कडा घासून गुळगुळीत करून घ्याव्यात.

भिंतीला ओल असेल तर आधी गळती बंद करावी. ओल्या भिंतीवर काच लावली की बुरशी नाहीशी होत नाही, ती फक्त नजरेआड वाढते. भिंत ओळंब्यात आणि सपाट हवी. काच चिकटवण्यासाठी मागच्या रंगाला न खाणारे न्यूट्रल सिलिकॉन मागावे. आंबूस वासाचे नको. ओटा आणि काच यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर फट सोडून ती सिलिकॉनने भरावी. स्विचबोर्डाचे काम वीज बंद करून जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

रोजची निगा

स्वयंपाक आटोपल्यावर काच निवू द्यावी. मग कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ फडके एवढे पुरे. तारेची घासणी वापरू नये. टाइल्सचे सांधे उजळवण्यासाठी अनेक घरांत अॅसिड वापरतात आणि त्यातच ब्लीचिंग पावडर मिसळतात. या मिश्रणातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. ही दोन्ही कधीही एकत्र करू नयेत.

काच कधी फुटलीच तर आधी गॅस बंद करावा, पायांत चपला घालाव्यात, मुलांना दूर ठेवावे आणि ओट्यावरचे उघडे अन्न टाकून द्यावे.

खर्च झेपत नसेल तर

सबंध ओट्यामागे काच हवीच असे नाही. शेगडीमागे तेवढा तुकडा लावला तरी पुष्कळ काम भागते. टाइल्स चांगल्या असतील तर सांधे खरवडून त्यांत तेल न शोषणारे इपॉक्सी भरून घ्यावे.

मात्र भिंत कितीही चकचकीत झाली तरी धुराचा प्रश्न उरतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2010 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तीव्र आचेवरील तळणातून निघणारा धूर माणसामध्ये बहुधा कर्करोगकारक असल्याचे म्हटले आहे. भिंतीवरचा राप आपण पुसतो. छातीत गेलेला धूर पुसता येत नाही. तेव्हा पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी एक्झॉस्ट पंखा बसवावा, तळताना खिडकी उघडी ठेवावी आणि तेल धुरावू देऊ नये. काच त्यानंतर सवडीने घ्यावी.