अडथळा आणि त्याचे सोयरे

बांधावरच्या वाटेत कोणी बाभळीच्या काट्या आणून टाकल्या, तर तो अडथळा. ‘इथून गाडी जाऊ देणार नाही’ म्हणून तोच इसम आडवा उभा राहिला, तर ती आडकाठी. कचेरीत जाऊन त्याने कागदावर लिहून दिले, तर ती हरकत. आणि या साऱ्यात तुमचा ऊस फडातच राहिला, तो खोळंबा. भांडण एकच, पण शब्द चार! कोशात हे शब्द शेजारीशेजारी बसलेले असतात, म्हणून एकाच्या जागी दुसरा घातला तरी चालेल असे आपल्याला वाटते. तसे ते चालत नाही.

अडणे, अडवणे, आडवा, अडसर, अडगळ, अडेलतट्टू हे सगळे बोलण्यात एका घरातले वाटतात. अडसर म्हणजे दाराला आतून लावायचे आडवे लाकूड. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवण्याचे लाकूड. खीळही ठोकायचीच. आपल्या लोकांनी अडवणुकीचे शब्द पोथीतून थोडे आणि सुताराकडून फार घेतले, असे म्हणायला जागा आहे. ‘खो घालणे’ मात्र खेळाच्या मैदानावरून आले. खेळात खो मिळाला की गडी उठून पळू लागतो. व्यवहारात कोणी खो घातला की चालते काम बसते!

याहून मौज ‘हरकत’ या शब्दाची. तो मूळचा अरबी, आणि तिथे त्याचा अर्थ हालचाल. हिंदीत हरकत म्हणजे कृती, बहुधा वाईट. मराठीत मात्र जी हालचाल होती तीच आक्षेप होऊन बसली. जुना अर्थ आपल्याकडे गवयाच्या गळ्यात तेवढा शिल्लक आहे: गाणाऱ्याने सुरेख हरकत घेतली, असे आपण म्हणतो, तेव्हा त्याने कोणाला अडवलेले नसते.

हरकत बोलावी लागते किंवा लिहावी लागते. मनातल्या मनात ठेवलेली हरकत कागदोपत्री हरकत नव्हे. सातबाऱ्यावर नवा फेरफार धरला की संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत गप्प बसून पुढे पारावर तक्रार केली, तर नोंद थांबत नाही.

‘विघ्न’ दिसत नाही, म्हणून त्यासाठी गणपतीला साकडे. ‘व्यत्यय’ चालू गोष्टीत येतो; म्हणून रेडिओवर ‘व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत’ म्हणतात. कार्यक्रम सुरूच झाला नसेल, तर व्यत्यय कशात येणार?

आता ‘अडचण’. ही बाहेरून येऊन वाटेत पडत नाही, ती ज्याची त्याच्याजवळ असते. पैशाची अडचण, जागेची अडचण. बायकांच्या बोलण्यात तिला आणखी एक झाकलेला अर्थ आहे, तो सर्वांना ठाऊक आहे. शिक्षकबंधूंनी हा शब्द जरा जपून वापरावा. सातवीनंतर मुलगी शाळेत येईनाशी झाली आणि गुरुजींनी शेरा मारला, ‘पालकांची अडचण’. यावरून काय समजावे? शाळा लांब आहे, एस.टी. वेळेवर नाही, घरी धाकटे भावंड सांभाळायला कोणी नाही, या अडचणी. त्यांवर काही तोड काढता येते. पण बापाला मुलीने शिकणेच नको असेल, तर ती हरकत आहे. तिथे पास काढून देऊन भागत नाही, घरी जाऊन बसावे लागते. एक शब्द चुकला की उपाय चुकतो, आणि वर्ष त्या मुलीचे जाते.

शेतकऱ्याच्या अर्जातही हेच होते. ‘शेतात जाण्यायेण्याची अडचण आहे’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटेल, याला मुळात वाटच नाही. बांधावरून नवी वाट मागायची तर जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ आहे. पण वहिवाटीची वाट होती आणि ती कोणी बंद केली, तर मामलेदार कोर्ट अ‍ॅक्ट, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, आणि तीही अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. तेव्हा अर्जात सरळ लिहावे: अमुक गटातून आमची पूर्वापार वाट आहे, अमुक तारखेला अमुक इसमाने तीत अडथळा केला. तारीख विसरू नये. ६ महिने तिच्यापासूनच मोजतात.