बँकेतील खात्यावरील टाच व तिची कायदेशीर मर्यादा

भाताची झोडणी आटोपली म्हणजे पेण व रोहे या दोन्ही तालुक्यांतील शेतकऱ्याच्या हाती वर्षाचा पैसा येतो. पूर्वी तो कनवटीस लागत असे. आता तो बहुधा बँकेच्या खात्यावर जमा होतो. तांदूळ अगर कडवे वाल नेणारे गिऱ्हाईक मोबाइलवरून किंमत चुकती करते. त्याच्यापाशी तो पैसा कोठून आला, हे विचारण्याची चाल आपल्याकडे नाही व कोणाकडेच नाही. परंतु एवढ्याच कारणाने एखाद्या निरपराध माणसाचे सगळे खाते एके दिवशी बंद पडू शकते, हे आमच्या वाचकांच्या ध्यानी यावे म्हणून हा लेख.

असे घडते ते कसे? समजा, कोणा दूरच्या शहरातील गृहस्थास ठकाने फसवून त्याच्या खात्यातील एक लाख रुपये उचलले. ठक तो पैसा एके ठिकाणी ठेवीत नाही. घटकाभरात चार-सहा खात्यांतून फिरवितो. फसलेला गृहस्थ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवितो, पैशाचा माग निघतो, व तो जेथे जेथे पोचला असेल तेथे तेथे अटकाव होतो. त्यांतील चार हजार रुपये तांदळाची किंमत म्हणून आपल्या खात्यावर आलेले असतील, तर आपणही त्या साखळीत सापडतो. आदेश बहुधा परप्रांतीच्या पोलिसांचा असतो, आणि शाखेतील अधिकारी एवढेच सांगतो की, खाते वरून बंद झाले आहे. मग चार हजारांपायी पावणेदोन लाख अडकून पडतात. मजुरी देता येत नाही. पीककर्ज मुदतीत न फिटल्यास व्याजाची सवलत जाते. किसान सन्मान निधीचे दोन हजार जमा होतात, पण काढता येत नाहीत. पेणच्या ज्या कुटुंबांत शेतीबरोबर गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे, त्यांस तर देशभरच्या अनोळखी माणसांचा पैसा रोजच घ्यावा लागतो. स्वतःचाच पैसा हाती न येणे म्हणजे काय, हे पेणकरांस सांगावयास नको. २०१० साली पेण अर्बन सहकारी बँकेत ठेवी अडकल्या, त्याचे कारण निराळे होते; हाल मात्र हेच.

पोलिसांची ही तत्परताच अनाठायी आहे, असे आमचे म्हणणे नाही. चोरीचा पैसा तासाभरात अडविला नाही तर तो पुन्हा दृष्टीस पडत नाही, आणि उद्या फसणारा मनुष्य आपल्यापैकीच असू शकेल. प्रश्न आहे तो, किती अडवावे व किती काळ, एवढाच.

तपासात संशयित मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार पोलिसांस जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ ने दिला होता. बँकेतील खाते ही त्या अर्थाने 'मालमत्ता' होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात ठरविले. पुढे २०१९ साली, तेही महाराष्ट्रातील प्रकरणात, त्याच न्यायालयाने सांगितले की, स्थावर मालमत्ता या कलमाखाली पोलिसांस जप्त करता येत नाही. म्हणजे खारेपाटातील खाचरास या कलमाचा हात लागत नाही. त्यातल्या भाताचा पैसा बँकेत गेला की त्यास मात्र लागतो!

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचे कलम १०६ हे जुन्या १०२ चेच रूप आहे. जप्तीची खबर दंडाधिकाऱ्यास ताबडतोब द्यावी, असे त्यात बजावलेले आहे. मात्र केवळ खबर उशिरा दिली म्हणून जप्ती रद्द होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा निर्णय असल्यामुळे, या एकाच मुद्द्यावर कोणी विसंबून राहू नये.

अधिक उपयोगी मर्यादा रकमेची आहे. वादातील रक्कम किती ते सांगून तेवढीच अडवावी, सबंध खाते बंद करू नये, अशी भूमिका केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली व मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ साली घेतली. नव्या संहितेत कलम १०७ निराळे घातले आहे. गुन्ह्यातून आलेल्या मालमत्तेवर टाच आणावयाची तर तपासी अधिकाऱ्याने पोलीस अधीक्षकाच्या वा आयुक्ताच्या संमतीने न्यायालयाकडे अर्ज करावा, व न्यायालयाने संबंधितास चौदा दिवसांची नोटीस देऊन त्याचे म्हणणे मागवावे, अशी त्यातली रीत आहे. निकडीच्या प्रसंगी एकतर्फी अंतरिम हुकूमही देता येतो. गुन्ह्याचा पैसा म्हणून खाते गोठवावयाचे असल्यास याच वाटेने जावे, कलम १०६ पुरेसे नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२५ साली म्हटले. सर्व न्यायालयांचा कल एकसारखा नाही. तथापि आपला जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्याच अधिकारात असल्यामुळे नागपूरचा निर्णय आपल्या वकिलास अवश्य दाखवावा.

खाते बंद झाल्याचे कळताच शाखेत तोंडी हुज्जत घालण्यात दिवस दवडू नये. कोणत्या पोलीस ठाण्याचा आदेश, तक्रारीचा क्रमांक काय, वादाची रक्कम किती व ती कोणत्या तारखेच्या जमेतली, या गोष्टी लेखी अर्जाने विचाराव्या व अर्जाची पोच घ्यावी. नंतर त्या ठाण्याच्या तपासी अधिकाऱ्यास विक्रीच्या पुराव्यासह कळवून, अटकाव वादाच्या रकमेपुरता ठेवून बाकीचे खाते मोकळे करण्याची मागणी करावी. दाद न लागल्यास कलम ५०३ प्रमाणे दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची, अथवा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाण्याची वाट आहे. चार-दोन हजारांच्या लोभाने आपले खाते व कार्ड दुसऱ्यास वापरावयास देणाराची गोष्ट वेगळी. त्यास निरपराध म्हणवून घेता येणार नाही, आणि त्याच्याकरिता आम्ही हे लिहीत नाही.

पुराव्याविषयी एक सूचना. आपल्याकडे घरून धान्य विकताना पावती करण्याची सवय नाही. निदान एका वहीत तारीख, माल, वजन, दर, गिऱ्हाइकाचे नाव व फोन क्रमांक लिहून ठेवावे, आणि रक्कम जमा झाल्याचा संदेश पुसून टाकू नये.