गोऱ्ह्याचं खच्चीकरण आणि घरातली मुलं

गोऱ्हा औताला धरण्याआधी खच्ची करतात. पूर्वी त्याला पाडून, पाय बांधून त्याचे वृषण दगडाने ठेचायचे. आता बर्डिझो चिमट्याने वृषणाकडे जाणाऱ्या शिरा कातडी न कापता चेपतात. भूल नसेल तर वेदना यातही होतेच. आपणच नाव ठेवलेल्या गोऱ्ह्याचं हंबरणं ऐकून एखादं पोर रात्री दचकून उठतं, एखादं गप्प होतं. लहान मुलग्याला तर आपल्यालाही असंच करतील अशी धास्ती बसू शकते. ‘रडतोस काय मुलीसारखा?’ असं म्हणून भीती जात नाही, बोलणं तेवढं बंद होतं. गोऱ्हा धरायला मुलांना लावूच नका. जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा, भूल द्यायला सांगा. आणि हे का करतात, ते मुलाला आधीच नीट समजावा.