दुकानातील एसी : गॅस भरण्याआधी गळती शोधा

कापडाच्या दुकानात एसी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्याच्या बाजारात लग्नसराईचे गिऱ्हाईक घामाघूम होऊन दुकानात शिरते. गारवा मिळाला तर दोन साड्या जास्त पाहते, नाही तर उठून शेजारी जाते. तरीही आपले बरेच व्यापारी बंधू मशीन बंद पडल्याशिवाय मिस्त्रीला बोलावीत नाहीत. आम्हीही त्यातलेच होतो.

आमच्या कल्याणच्या दुकानातील एसीत सलग तीन उन्हाळे आम्ही गॅस भरून घेतला. दरवर्षी पैसे गेले आणि काही महिन्यांत गारवाही गेला. चौथ्या वर्षी एका वयस्कर कारागिराने जोडांवर साबणाचा फेस लावला, तर बाहेरच्या युनिटजवळील पितळी नटातून बुडबुडे निघाले. त्याने नळीचे तोंड नव्याने करून नट बसवला आणि तक्रार मिटली. एसीतला गॅस पेट्रोलप्रमाणे खर्च होत नाही, तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर गळती आहेच. ती शोधल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फुटक्या घड्यात पाणी ओतणे होय.

पुष्कळदा गॅस कमीही नसतो. थान उलगडताना, कापड फाडताना बारीक तंतू उडतात आणि जाळीवर बसतात. हवा अडली की आतल्या कॉईलवर बर्फ धरतो. तो वितळला की पाणी खालच्या मालावर पडते. म्हणून घरात जाळी पंधरा दिवसांनी धुतली तरी चालते, पण कापडवाल्याने व शिलाई कारखानदाराने ती दर आठवड्याला धुवावी. वीज बंद करावी, जाळी काढून साध्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण सुकवूनच बसवावी. हे काम दुकानातला पोऱ्याही करू शकतो. पाणी जाण्याची नळी तुंबली नाही ना, हे पावसाळ्यापूर्वी तांब्याभर पाणी ओतून पाहावे.

बाहेरचे युनिट वर्षातून दोनदा कारागिराकडून धुवून घ्यावे, एकदा फेब्रुवारीत व एकदा पावसाळ्यानंतर. खाडीजवळच्या दमट, खारट हवेत त्याच्या पत्र्या लवकर गंजतात. शिवाय ते कचऱ्याने भरले की उष्णता बाहेर टाकली जात नाही, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि बिल वाढते. ईदची गर्दी चंद्रावर चालते, उन्हाळा सूर्यावर. २०१८ मध्ये ईद जूनच्या मध्यास होती, २०२२ मध्ये ३ मे रोजी, तर २०२५ मध्ये ३१ मार्चला. त्यामुळे सर्व्हिसिंग ईदच्या हिशेबाने न ठेवता ऋतूच्या हिशेबाने ठेवावे.

तापमानाविषयीही एक सांगणे आहे. १ जानेवारी २०२० पासून नव्या घरगुती एसीत मूळ तापमान २४ अंश ठेवण्याचा सरकारी नियम आहे. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही, मशीन फक्त जास्त वेळ चालते.

आता दोन शब्द आपल्या कारागीर बंधूंसाठी. जुन्या मशीनमध्ये आर-२२, तर नव्या बहुतेक मशीनमध्ये आर-३२ गॅस असतो. एकाच्या जागी दुसरा भरू नये. आर-३२ पेट घेऊ शकतो, म्हणून नळीत गॅस असताना वेल्डिंगची ज्योत लावू नये. गळती तपासण्यासाठी ऑक्सिजन तर कधीच वापरू नये. कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबाखालील ऑक्सिजनचा स्फोट होतो. त्यासाठी रेग्युलेटर लावून नायट्रोजनच वापरावा. तिसऱ्या मजल्यावर खिडकीबाहेर उभे राहताना पट्टा बांधावा. आणि व्यापाऱ्याने पाच-पन्नास रुपयांसाठी घासाघीस करून कारागिराला हे सारे टाळायला लावू नये. मशीन नवे घेता येते, माणूस नाही.