अर्ज कोठवर आला?

शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे ही एक गोष्ट आणि शिष्यवृत्तीची रक्कम हाती पडणे ही दुसरी. या दोहोंमधला काळ विद्यार्थ्याच्या घरी मोठ्या काळजीचा असतो. फी भरण्याची मुदत दाराशी आलेली असते आणि अर्जाचे पुढे काय झाले हे घरात कोणालाच ठाऊक नसते. अशा वेळी “सरकारी काम आहे, होईल तेव्हा होईल” असे म्हणून स्वस्थ बसण्याकडे पुष्कळांचा कल असतो. परंतु ही स्वस्थता महागात पडते. अर्जात काही उणीव असली तर तो बहुधा लगेच फेटाळला जात नाही. दुरुस्तीसाठी परत येतो. परत आल्याचे वेळेवर कळले नाही, तर दुरुस्तीची मुदत टळते आणि सर्व अटी पुऱ्या करणारा विद्यार्थीही वर्षभराच्या साहाय्यास मुकतो.

बेळगाव-निपाणी भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. निपाणी कर्नाटकात, पण तिला लागूनच असलेले अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तेथील देवचंद महाविद्यालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणीची मुले तेथे शिकावयास जातात, तेव्हा त्यांचे घर एका राज्यात आणि वर्ग दुसऱ्या राज्यात असतो. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निर्णय लागेल तेव्हा लागो. शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र यंदाचा यंदाच निकालात निघावा लागतो.

म्हणून पहिला प्रश्न असा की, अर्ज कोणत्या दारात ठेवला आहे? दारे मुख्यतः तीन आहेत. कर्नाटक शासनाचे राज्य शिष्यवृत्ती संकेतस्थळ, महाराष्ट्र शासनाचे महाडीबीटी आणि केंद्र सरकारचे राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळ. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना 1944 सालापासून चालत आली आहे. तिचा नियम असा की, विद्यार्थी शिकतो कोठे यापेक्षा तो कायमचा रहिवासी कोणत्या राज्याचा आहे, हे पाहिले जाते आणि शिष्यवृत्ती त्याच राज्याने द्यावयाची असते. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांना त्या राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी सवलत आहे, हे खरे. पण प्रवेशाची सवलत आणि शिष्यवृत्तीची पात्रता या दोन वेगळ्या बाबी होत. प्रवेश मिळाला म्हणून शिष्यवृत्तीही मिळेलच, असे गृहीत धरू नये.

निपाणीस विशेष लागू पडणारी एक योजना केंद्राच्या दारात आहे. हे गाव तंबाखूचे आणि विडीचे. विडी कामगारांच्या मुलांना केंद्रीय श्रम मंत्रालयाकडून शिक्षणासाठी साहाय्य मिळते. अकरावी-बारावीस वर्षाला 3,000 रुपये, पदवी अभ्यासक्रमास 6,000 रुपये आणि व्यावसायिक अभ्यासक्रमास 25,000 रुपये, असे तिचे दर आहेत. विड्या वळून संसार चालविणाऱ्या आईच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे. त्यासाठी आईचे किंवा वडिलांचे विडी कामगार ओळखपत्र लागते.

आता अर्जाचा प्रवास पाहू. समजा, विडी कामगाराच्या एखाद्या मुलीने राष्ट्रीय संकेतस्थळावर अर्ज भरला. तो प्रथम तिच्या महाविद्यालयाकडे जातो. तेथील नेमलेला अधिकारी कागदपत्रे तपासतो. ही पहिली पायरी. मग श्रमकल्याण खात्याचा अधिकारी त्याची दुसरी तपासणी करतो. त्यानंतर मंजुरी होऊन रक्कम बँकेकडे रवाना होते. संकेतस्थळावर आपला क्रमांक व संकेतशब्द देऊन आत गेले की, अर्ज यांपैकी कोणत्या पायरीवर आहे ते दिसते.

तेथे दिसणारा प्रत्येक शेरा काही कृती सुचवितो. अर्ज महाविद्यालयाच्या पायरीवर अडलेला दिसला, तर मोठ्या कचेरीत खेटे घालण्यात अर्थ नाही. महाविद्यालयातील लिपिकाला भेटावे. अर्ज सदोष म्हणून परत आला असेल, तर शेऱ्यात कारण दिलेले असते. ते वाचून मुदतीच्या आत दुरुस्ती करावी आणि अर्ज पुन्हा सादर करावा. नुसती दुरुस्ती करून थांबल्यास अर्ज जागचा हालत नाही. नामंजुरीचा शेरा असल्यास त्याची छापील प्रत घेऊन संबंधित अधिकाऱ्याकडे चौकशी करावी.

सदोष ठरण्याचे एक साधे कारण म्हणजे नावातील तफावत. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारपत्रावर शेवटी, किंवा एका कागदावर वडिलांचे नाव आहे आणि दुसऱ्यावर नाही, असे सहज घडते. कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन लिपींतून फिरलेल्या नावाची अक्षरेही बदलतात. कर्नाटकाच्या संकेतस्थळासाठी नाडकचेरीतून मिळणाऱ्या जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यांवर क्रमांक असतो. तो अचूक भरावा लागतो. दाखला काढतानाच नाव पडताळून घेतले, तर पुढचा त्रास टळतो.

शेवटची पायरी बँकेची. अर्ज मंजूर असूनही पैसे आले नाहीत, तर दोष बहुधा येथे असतो. रक्कम आधार क्रमांकाच्या आधारे जमा होते आणि ज्या खात्याशी तो क्रमांक सर्वांत शेवटी जोडला गेला, त्याच खात्यात ती जाते. विद्यार्थ्याने मधल्या काळात दुसऱ्या बँकेत खाते उघडून तेथे आधार जोडला असेल, तर पैसे त्या खात्यात पडलेले असण्याचा संभव असतो. कोणते खाते जोडलेले आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर किंवा बँकेच्या शाखेत कळते. खाते बंद पडले असल्यास ते आधी चालू करून घ्यावे.

अर्जाचा क्रमांक वहीत टिपून ठेवणे, पोचपावतीची प्रत जपणे आणि दर पंधरवड्यास एकदा अर्जाची स्थिती पाहणे, एवढी शिस्त पुरेशी आहे. ज्या घरात वाचणारे कोणी नाही, तेथे शिक्षकांनी किंवा शेजारच्या शिकलेल्या मुलाने हे काम अंगावर घ्यावे. शेरा वेळेवर वाचला गेला, तर एका मुलीचे वर्ष वाया जावयाचे वाचते.